कागदी होड्यांची माळ

"काका, तुमचा हात थरथरतो तो इंजिनामुळे की वयामुळे?"

एका दमात विचारून टाकलं आणि मग तिने जीभ चावली. शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या दोघी मैत्रिणींनी, तू हे विचारणारच नाहीस म्हणून, एका जेल पेनाची पैज लावली होती. शाळेच्या सभेत माईक हातात धरून बोलून आल्यापासून तिला तशी कसलीच भीती वाटेनाशी झाली होती.

काकांनी पाना खाली ठेवला. उजवा हात डोळ्यांसमोर धरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा न्याहाळला.

"हात जागच्या जागी आहे गं टिटवी. जगच हलतंय. पैज कशाची लागलीय?"

"पेनाची."

"मग टोपण माझं."

शेडच्या पत्र्यावर नदीचा उजेड डुलत होता, त्यामुळे जग खरंच हलत असेल असं तिला क्षणभर वाटलं. बाबांच्या प्रवासी होडीचं इंजिन लाकडी घोडीवर अडकवलेलं होतं. पाण्याबाहेर त्याचा एकुलता एक पाय फार लांब आणि बिचारा दिसत होता. काकांनी पायाशी असलेला स्क्रू सोडला, मग वरचा. गिअरचं तेल मधासारखं यायला हवं होतं. आलं ते दुधाळ. पहाटेचं धुकं कुणी डब्यात भरून ठेवावं तसं.

"पाणी," काका म्हणाले. महिन्याभरात दुसऱ्यांदा.

बाबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "दादा, आजही पाणी निघालं आणि स्क्रूच ढिला असला, तर यापुढे इंजिनाला तुझा हात नको. तू तिकिटं फाड." आवाज अजिबात चढलेला नव्हता, तरी आईने हातातली बशी उगाच दोनदा पुसली होती. काका चाळीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घालत आले होते. तिकिटं फाडताना हात थरथरला तरी चालतो. नेमकं तेच त्यांना लागलं होतं.

काकांनी खालचा स्क्रू नवा वायसर घालून बसवला, वरच्या भोकाला हवेची नळी जोडली आणि पंप तिच्या हातात दिला.

"हळू. फुगा फुगवतेस असं समज. जिथून पाणी आत शिरलंय, तिथूनच हवा बाहेर येणार."

ती पंप दाबू लागली. काकांनी साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तो स्क्रूभोवती फिरवला. थरथरत्या हाताने फेस झकास झाला.

"बघ, या कामाला हात एक नंबर!"

ती खुदकन हसली. फेस स्क्रूभोवती शांत बसून राहिला. एकही बुडबुडा नाही. काकांनी ब्रश पंख्याच्या मागे नेला, आणि तिथून हळूच एक बुडबुडा फुगला. मग दुसरा. मग एक मोठा, ज्यात पत्रा, खिडकी, नदी सगळं वाकडं होऊन तरंगत होतं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हणजे स्क्रूचा दोष नव्हता!

काकांनी पंखा उतरवला. त्याच्या दांड्यावर, पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या अगदी तोंडाशी, काहीतरी घट्ट गुंडाळलं गेलं होतं. चिमट्याने त्यांनी ते सोडवलं. ग्रीसने माखलेला नायलॉनचा दोरा. त्यानेच सील कापलं होतं. काकांनी तो फडक्याने पुसला. जांभळा.

तिचा पंप थांबला.

गेल्या महिन्यात शाळेतून येताना ती आणि बाकावरच्या त्या दोघी, अशा तिघींनी बाबांच्या होडीच्या मागे जांभळ्या दोऱ्यात ओवलेली कागदी होड्यांची माळ सोडली होती. अकरा होड्या, जुन्या वहीच्या पानांच्या. त्या फेसावर नाचत आल्या होत्या, जणू नदीलाच कुठेतरी जायचं होतं आणि तिने यांना सोबत घेतलं होतं. धक्क्याजवळ होडी मंदावली, दोरा सैल पडला आणि माळ दिसेनाशी झाली. माशांनी नेली, असं तिघींनी ठरवून टाकलं. उरलेल्या दोऱ्याची कडी तेव्हापासून तिघींच्या मनगटावर होती.

काकांनी दोऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे. तिने बाही खाली ओढली. त्यांनी दोरा खिशात टाकला आणि नवं सील काढलं.

बाबा दारात आले.

"काय निघालं, दादा?"

"वायसर. माझ्याच हाताने ढिला राहिला होता," काका म्हणाले. "सीलही बदलून टाकतो. मग शेडच्या किल्ल्या तुझ्या."

बाबांनी मान हलवली, पण पाऊल लगेच उचललं नाही. सभेत हजारभर मुलांसमोर बोलून आलेली ती मान खाली घालून पंपाची नळी गुंडाळत बसली.

संध्याकाळी ताटं मांडली गेली तेव्हा काकांच्या पाटाशेजारी तिकिटांचं पुस्तक आणि रबरी शिक्का ठेवलेला होता. काका जेवत होते. चमचा ताटाला लागून बारीक वाजत होता.

तिने मनगटावरचं कडं दातांनी तोडलं आणि बाबांच्या ताटापुढे ठेवलं.

"काका, खिशातलं काढा."

"जेव मुकाट्याने, टिटवी."

"काढा ना."

काकांनी चमचा खाली ठेवला. मग दोरा कड्याशेजारी येऊन पडला. एक स्वच्छ, एक काळपट, दोन्ही जांभळे. बाबांनी दोन्ही उचलून दिव्याखाली धरले. आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

"स्क्रू ढिला नव्हता. पंख्याला अडकलेली होड्यांची माळ माझी होती," ती म्हणाली. आवाज सभेतल्यासारखा मुळीच नव्हता. तिने तिकिटांचं पुस्तक ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शनिवार-रविवार तिकिटं मी फाडणार."