‘मागील सरकारचे कर्ज’ म्हणणारा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी लाकडी मूठ हातांच्या घामाने काळी पडली आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी तीन शब्द होते: ‘मागील सरकारचे कर्ज’. आता दोनच उरले आहेत.

माझा जन्म न्यायालयासमोरच्या एका अरुंद दुकानात झाला. तिथले बाबा डोळ्याला भिंग लावून रबरावर उलटी अक्षरे कोरत. त्यांची मुलगी सरकारी खजिन्याच्या कर्ज शाखेत नुकतीच कारकून झाली होती. लेकीच्या टेबलावर आपल्या हातचा शिक्का जाणार, म्हणून बाबांनी मला दोनदा कोरले. पहिल्या तुकड्यात ‘क’ किंचित कलला होता. इतके लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

आमच्या देशात दोन पक्ष होते. एकाची कचेरी नदीच्या अलीकडे, दुसऱ्याची पलीकडे. म्हणून शाखेत त्यांना ‘अलीकडचे’ आणि ‘पलीकडचे’ असेच म्हणत. कुणीही निवडून आले की नवे मंत्री खुर्ची गरम होण्याआधी मला मागवत. कर्जाच्या वहीत मी पानोपानी उमटायचो. “काय ठसठशीत उमटतो हो!” असे ते म्हणाले की मीही फुगायचो. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत मी ड्रॉवरमध्ये, वाकड्या टाचण्यांच्या सोबतीला. दुसऱ्याच्या माथी खापर फोडून झाले की खापराला कोण विचारतो?

पुलाची फीत कापायला दोन्हीकडचे हात पुढे येत. हप्ता भरायची वेळ आली की दोघेही कानांवर हात ठेवत. व्याज मात्र इमानेइतबारे वाढत होते.

बाबा गेले. शाखेतल्या त्यांच्या मुलीला आता सगळे ताई म्हणत. ताईंचे केस पिकले, निवृत्तीला चार महिने उरले. त्या वर्षी, मधली पाच वर्षे पलीकडच्यांची गेल्यावर, अलीकडचे पुन्हा आले आणि त्यांचे जुनेच मंत्री पुन्हा त्याच खोलीत बसले.

“ताई, उद्या सभागृहात वही दाखवायचीये. सगळ्या पानांवर शिक्का मारून टाका.”

ताई पाने उलटताना एका पानाशी थांबल्या. ते धरणाचे कर्ज होते.

“साहेब, हे तुम्हीच काढलेलं आहे. खाली तुमची सही आहे.”

“पण मधे पाच वर्षं ते होते ना? फेडलं का त्यांनी?”

“नाही. पण तुम्हीही नव्हतं फेडलं, साहेब.”

“तुमचे पेन्शनचे कागद याच मजल्यावरून जातात ना, ताई?”

ताईंचे यजमान अंथरुणाला खिळले होते. पेन्शन अडकली तर त्यांची औषधे अडकणार होती. ताई मला घेऊन टेबलाशी आल्या. खरे सांगतो, त्यांनी मला मुकाट्याने मारावे असेच मला वाटले. मला ताईंची काळजी होती.

ताईंनी ड्रॉवरमधून बाबांचे कोरायचे पाते काढले आणि मला उलटे धरले. उलट्या अक्षरांत पहिला शब्द उजवीकडे असतो, हे शिक्केवाल्याच्या लेकीला कुणी सांगावे लागत नाही. “बाबा, माफ करा,” त्या पुटपुटल्या, आणि ‘मागील’ कापून काढला. मग त्यांनी मला धरणाच्या पानावर टेकवले. ‘सरकारचे कर्ज’.

“साहेब, शिक्का जुना झालाय,” वही पुढे ठेवत त्या म्हणाल्या. “एवढंच उमटतं आता.”

साहेबांनी आपली सही आणि तिच्याशेजारचा माझा ठसा पाहिला आणि वही मिटली. वही त्यांनी सभागृहात नेली नाही. धरणाचा पहिला हप्ता मात्र त्या वर्षी गुपचूप भरला गेला. ताईंची पेन्शन सात महिने उशिरा सुरू झाली. त्या सात महिन्यांत त्यांनी औषधांसाठी हातातल्या बांगड्या मोडल्या.

निकामी सामानाच्या यादीत माझे नाव निघाले, तेव्हा ताईंनी रीतसर पावती करून मला घरी आणले. आता मी खिडकीत, यजमानांच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी असतो. शाखेत नवा शिक्का आला आहे म्हणे, तीन शब्दांचा.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला निवडून द्याल, कदाचित स्वतःही निवडून याल. तो शिक्का हाती आला, तर आधी पानाखालची सही वाचा. ताईंनी बांगड्या मोडल्या. तुम्हाला तर फक्त एक शब्द खोडायचा आहे.