नाल्यापलीकडचं पाणी

विमलताईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. बंजारा तांड्याचे नायक बाबूसिंग यांनी तो घेतला आणि तसाच खुर्चीखाली ठेवून दिला. शेजारी बसलेल्या वर्षाने पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट घेतले. तांड्यातलं माणूस नाला ओलांडून मोठ्या गावात आलं की पाणी घरचंच पितं, हे विमलताईंना ठाऊक होतं. त्या गावच्या सरपंच होत्या. तरी पाणी दिलं. दारात आलेल्याला पाणी विचारायचं कुणी सोडतं का?

“बोला, नायक.”

“पोरीले दाखला पाह्यजे. रहिवाशी.”

“कोन्या गावचा?”

मोठ्या गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली होती आणि अर्ज करणारी त्याच गावची रहिवासी हवी होती. तांड्याच्या अंगणवाडीत बेबीताई होत्या, त्यांच्या निवृत्तीला अजून एकोणीस वर्षं होती. वर्षा पुसदच्या कॉलेजातून राज्यशास्त्रात एम.ए. झालेली, आणि सध्या बापाबरोबर सोयाबीन सोंगत होती. अर्जाची मुदत उद्या संपत होती.

चार वर्षांपूर्वी हा प्रश्नच आला नसता. तेव्हा नाल्याच्या दोन्ही बाजूंना एकच ग्रामपंचायत होती. नळ मात्र गावात रोज आणि तांड्यात चौथ्या दिवशी. एका उन्हाळ्यात तांड्याच्या बाया घागरी घेऊन गावच्या टाकीवर गेल्या, तर गावातल्या लोकांनी त्यांच्या भरलेल्या घागरी उलथ्या केल्या. त्यात एक घागर बाबूसिंगांच्या बायकोची, सुखीबाईची होती. दुसऱ्या सकाळी नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत, आणि बाबूसिंगांनी सोगन घेतली, शपथ: त्या गावचं पाणी तांड्याच्या घशाखाली उतरणार नाही. जो पिईल तो नसाबीत उभा राहून डोक्यावरचं पागोटं उतरवील. पुढे भावसिंगाने गावातल्या एका लग्नात, भर मे महिन्यात, अर्धा गिलास पाणी प्यायलं. बाबूसिंगांनी त्याला उभं केलं. दूरचा भाऊ लागत होता, तरी केलं. तेव्हापासून भावसिंग उघड्या डोक्यानेच फिरतो.

वेगळ्या ग्रामपंचायतीची मागणीही तेव्हाचीच, आणि तिला शब्द मिळाले ते वर्षाच्या पुस्तकातून. तिला इंग्लंड आणि युरोपावर एक अख्खा पेपर होता. बाप जेवायला बसला की ती मोठ्याने वाचायची. मध्ये जेमतेम एकवीस मैलांचं पाणी. इंग्लंडच्या बेटाने युरोपाचं दार दोनदा ठोठावलं, फ्रान्सने दोन्हीदा ते उघडू दिलं नाही. त्र्याहत्तर साली आत घेतलं, पण एक पाय कायम उंबऱ्याबाहेर आणि तोंडात कायम कुरकुर. शेवटी मतदान झालं, शंभरातले बावन्न म्हणाले, चला बाहेर. बाबूसिंगांचा घास हातातच राहायचा.

ग्रामसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “ज्या इंग्रजानं रेल्वे आणून आपल्या बापजाद्यायच्या बैलांवरचं मीठ उतरवलं, धंदा बुडवला, तो एवढा मोठा इंग्रज बी म्हणते, माहं घर येगळं. मंग तांड्यानं काहून म्हणू नये?”

टाळ्या अशा पडल्या की गावकऱ्यांनीही दोन वाजवल्या. ठराव वर्षाने लिहिला, आणि पुढे तांड्याची ग्रामपंचायत वेगळी झाली.

विमलताईंना ते सगळं पाठ होतं. “तुमचं ते इंग्रजाचं बेट कसं हाये आता, नायक?” त्यांनी विचारलं, आणि उठून कपाटातून त्या ठरावाची फाइल काढली. पान उलटून वाचलं, “‘सदर तांड्याचा या गावाशी यापुढे कोणत्याही प्रकारचा संबंध राहणार नाही.’ अक्षर तुहंच ना, पोरी?”

“हो, ताई.”

त्या ओळीची खरं तर गरज नव्हती. ठरावाच्या सरकारी नमुन्यात ती नव्हतीच. वर्षाने ती स्वतःच्या मनाने घातली होती, दोनदा वाचून खूश झाली होती आणि आईलाही वाचून दाखवली होती.

“ताई, वावर तुमच्याच शिवारात हाये माहं,” बाबूसिंग म्हणाले.

“वावर हाये. चूल नाई.”

मग बाबूसिंग वाकले, खुर्चीखालचा गिलास उचलला. वर्षाने त्यांचा कोपर धरला. “बापू, नोको.” त्यांनी तो सोडवून घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, थेंबही न सांडता. रिकामा गिलास टेबलावर ठेवून विचारलं, “आता?”

विमलताईंनी पदर नीट केला. त्यांना वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं.

“नायक, पाणी पेलं म्हून गाव बदलते का? उद्या तपासणी झाली त मले कोन वाचवन? खोटा दाखला कसा देऊ?”

त्यांचं बरोबर होतं, आणि तेच वर्षाला सहन होईना. बाई वाकडी बोलली असती तर निदान शिव्या देत परत जाता आलं असतं.

दोघं नाल्याच्या काठापर्यंत आले.

“त्या बेटाचं पुढं काय झालं?” बाबूसिंगांनी विचारलं.

“तिथल्या पोरायले पलीकडं कामाले जाचं त आता परवाना लागते. आधी लागत नोयता.”

“हे तू सांगतलं नाई मले.”

“सांगतलं होतं, बापू. तुमी ताटावरून उठले होते.”

तांड्याच्या तोंडाशी निंबाखाली भावसिंग दोरी वळत बसला होता. वर्षाच्या हातातला कोरा अर्ज पाहून त्याला कळायचं ते कळलं.

“नाई झालं, काका,” वर्षा घाईने म्हणाली. “गेलो, बोललो, तसेच वापस आलो. पाणी बी घेतलं नाई आमी त्यायचं.”

बाबूसिंग थांबले. लेकीकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हातांनी पागोटं उतरवलं आणि भावसिंगासमोर निंबाच्या पारावर ठेवलं.

“पेलो मी,” ते म्हणाले. “तू अर्धा पेला होता. मी पुरा गिलास पेलो.”

भावसिंगाने दोरी बाजूला ठेवली. दोन वर्षांत तो नायकाशी एक शब्द बोलला नव्हता. तो पागोट्याकडे बघत राहिला, त्याला हात मात्र लावला नाही.

“गोड हाये ना त्यायचं पाणी, नायक?” त्याने विचारलं.