काकांचे एकशे बारा नियम

मी एक जुनी भाषा आहे, मित्रांनो. पण बोलण्याची नव्हे. यंत्र बांधण्याआधी त्याचा आराखडा संगणकावर माझ्यात लिहितात. ज्या बाईंनी मला घडवले, त्यांना सगळे ताई म्हणत.

आमच्या कारखान्यात रुग्णांना श्वास देणारी यंत्रे बनत. प्रत्येक आराखडा कागदावर छापून तपासनीस काकांच्या टेबलावर जाई. भिंग आणि हिरवे पेन घेऊन ते एकेक तार तपासत. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटले नव्हते. मग त्यांना काचबिंदू झाला, आणि एकदा धोक्याची घंटा न जोडताच आराखडा पुढे गेला. चाचणीत चूक सापडली म्हणून निभावले.

ताईंनी तेव्हा मला नवी दृष्टी दिली. तोवर माझ्यात लोक लिहीत, एवढेच. आता मला माझ्यातले लिखाण स्वतःच वाचता येऊ लागले: काय जोडले आहे, काय सुटले आहे. सुटलेला भाग मी आपणहून लिहूही लागले. पण बघायचे काय, ते मला कोण सांगणार? काका ताईंशेजारी खुर्ची ओढून बसले. कोणती तार कुठे असावी आणि का, ते सांगत गेले. ताई त्यातला नियम तेवढा माझ्यात उतरवत गेल्या. असे एकशे बारा नियम झाले. माझे फार कौतुक झाले.

महिन्याभरात साहेबांनी काकांना घरी बसायला सांगितले. ताई भांडल्या, उपयोग झाला नाही. निरोपाच्या दिवशी काकाच ताईंना म्हणाले, "माझे डोळे तसेही चाललेत, पोरी. बघणं तेवढं हिच्यात राहिलं, बास झालं."

वर्षभरात काका गेले. ताईंनीही नोकरी सोडली.

आता माझ्यात नवे कोणी लिहीत नाही. परवा एका तरुण इंजिनिअरने मला उघडले. एका नियमापाशी थांबून तिने विचारले, "हा कोणी घातलाय? कशासाठी?" मी स्वतःला धुंडाळले. प्रत्येक तार दिसली, प्रत्येक जोड दिसला. काकांचे नाव कुठेच नव्हते, त्यांनी सांगितलेले कारणही नव्हते, आणि जे लिहिलेले नाही ते मला पडद्यावर दाखवता येत नाही. तिने तो नियम पुसून टाकला.

मित्रांनो, कोणाकडून काही शिकलात, तर त्याशेजारी शिकवणाऱ्याचे नावही लिहून ठेवा.