टीव्हीला चौकट

शेवटचा स्क्रू अर्ध्यावर आला, तेव्हा मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला आणि तळहाताने चौकट दाबून पाहिली. कोठेही फट नव्हती. चारही कोपऱ्यांचे तिरके जोड असे मिळून आले होते की, नख फिरवले तरी ते अडू नये. मग त्यांनी स्क्रू पुरता आवळला, सदऱ्याच्या टोकाने लाकडावरचे बोटांचे ठसे पुसले आणि पलंगाकडे वळून विचारले,

“कशी झाली?”

पलंगावरच्या त्यांच्या पत्नीने पापण्या मिटून उघडल्या. याहून अधिक उत्तराची अपेक्षा करण्याचे दिवस आता राहिले नव्हते. लागोपाठ दोन झटके येऊन तिची वाचा गेली होती आणि देहही गेल्यातच जमा होता. डाव्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत राहिला होता. मिस्त्री स्वतः टीव्ही भिंतीवरच्या बटणानेच चालू-बंद करीत; रिमोट मात्र त्या अंगठ्याखालीच असे, आणि त्या रिमोटवरच घराचा सारा कारभार चाले. टीव्हीचा आवाज वाढला की मिस्त्रींनी मागच्या शेडमधले काम टाकून आत यायचे. मग तहान असो, कूस बदलायची असो, वा चादर. हे कोणी ठरवले नव्हते. एके दिवशी बातम्या सांगणारा गृहस्थ एकाएकी शेजारपाजार हादरेल असा ओरडू लागला, मिस्त्री धावत आत आले, आणि तेव्हापासून तीच रीत पडून गेली.

चांगली होती तेव्हा तिची जीभ तिखट होती. “लोकांच्या घरी कपाटं, नि आमच्या घरी नुसते खिळे,” असे ती आल्यागेल्याला ऐकवत असे. टीव्ही भिंतीवर लागला त्याच दिवशी ती म्हणाली होती, “अहो, याला एखादी नक्षीची चौकट करा. काळी फळी टांगल्यासारखं दिसतं.” मिस्त्री ‘करू’ म्हणाले, आणि करू करू म्हणता तो टीव्ही जुना झाला. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मिस्त्रींनी सागाच्या फळ्या काढल्या. त्यांना दुसरे काही येत नव्हते. लाकूड येत होते.

चारही बाजूंनी वेल फिरवली होती आणि खालच्या पट्टीच्या मधोमध एक भरगच्च फूल कोरले होते. फोटोच्या चौकटीत फोटोची कड झाकतात, तशी टीव्हीची काळी कड त्यांनी लाकडाखाली घेतली होती. त्या कडेवर कंपनीचे नाव आणि एक लाल ठिपका होता. तोही फुलामागे गेला, हे एका परीने बरेच झाले, असे त्यांना वाटले.

त्या सकाळी ते शेडमध्ये एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची दारे रंध्याने तासत बसले. कान मात्र घराकडे होता. टीव्ही एकाच सुरात चालला होता. चौकट तिच्या मनात भरलेली दिसते, निवांत पाहते आहे, या विचाराने त्यांचा हात कधी नव्हे तो हलका चालला.

दुपारी पातळ जेवणाची वाटी घेऊन ते आत गेले, तो चादर गादीपर्यंत भिजलेली. रिमोट तिच्या हातात होता. अंगठा बटणावर इतका दाबलेला की नख पांढरे पडले होते.

“अगं, मग आवाज का नाही वाढवलास? मी काय मेलो होतो मागं?”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते पुटपुटतच चादर बदलू लागले, आणि तिला कुशीवर वळवताना त्यांच्या ध्यानात आले की, तिची नजर काही केल्या आपल्यावरून हटत नाही. त्यांनी आपलीच नजर वळवली.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. व्यायाम देणाऱ्या बाई आल्या तेव्हा मिस्त्रींनी त्यांना ते सांगितले. बाईंनी तिची बोटे एकेक करून सोडवली.

“दाबा बघू, काकू. अजून जोरात.”

अंगठा दबला. टीव्हीने दाद दिली नाही.

“हलतोय खरा,” बाई म्हणाल्या. “पण बटण दाबण्याइतका जोर उरलेला नाही, काका.”

“परत येईल ना?”

बाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. “मनाची तयारी ठेवा,” त्या पिशवीतच पाहत म्हणाल्या.

मिस्त्रींनी मनाची तयारी केली नाही, कारण ती कशी करतात हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते तिच्या उशाशी बसून तो अंगठा चोळू लागले. आयुष्यभर रंधा धरलेल्या हातांना तो फार लहान लागला. काम बाजूला ठेवून ते जमेल तसे आत डोकावून जात. पण कधी आधी पोचत, कधी उशिरा. पुढे पुढे तर ती बटण दाबेनाशीच झाली. रिमोट तळव्यात पडलेला, आणि अंगठा त्याच्या शेजारी, एखाद्या परक्या वस्तूसारखा. संपले, असे मिस्त्री मनाशी म्हणाले.

आठवड्याच्या अखेरीस मेहुणी आली. पत्नीची ही धाकटी बहीण. बोलण्यात थोरलीच्या तोडीस तोड.

“अगंबाई! भावोजी, टीव्हीचं लग्न लावलंत की काय?” चपला काढता काढता ती म्हणाली. मग पलंगावर बसून बहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारत तिला म्हणाली, “केली गं शेवटी तुझी चौकट. मला वाटलं, आपल्या नातवंडांनाच बघायला मिळणार ही.”

मिस्त्री कसनुसे हसले.

“आणि हे काय लावलंय? दिवसभर बाजारभाव ऐकवताय होय तिला?” मेहुणीने रिमोट उचलला. चॅनेल बदलेना. “सेल गेले वाटतं.”

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून दिले. तरी बदलेना. मेहुणी उठून टीव्हीपाशी गेली आणि वाकून चौकटीची खालची पट्टी न्याहाळू लागली.

“इथं एक लाल दिवा असतो ना, भावोजी?”

“होता. झाकला तो. बरा दिसत नव्हता.”

“अहो, रिमोट त्यालाच तर दाखवायचा असतो. तो झाकल्यावर टीव्हीला ऐकूच जात नाही काही.”

बाजारभाव सांगणारा माणूस बोलत होता. मेहुणीने एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा मिस्त्रींकडे.

“मी चहा टाकते,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मिस्त्री शेडमधून भोक पाडायचे गिरमिट घेऊन आले. चौकट उतरवण्याचे त्यांच्या मनात आले नाही. फुलाचा गाभा नेमका त्या ठिपक्यासमोर येत होता. त्यावर टोक टेकवून ते जपून फिरवू लागले. ज्या पाकळ्यांवर त्यांनी सर्वांत अधिक वेळ घातला होता, त्यांतील दोन तडकल्या. भुसा जमिनीवर सांडला. भोकातून लाल उजेड दिसू लागला, तेव्हा त्यांनी रिमोट उचलून दाबला आणि आवाज चढला.

“पाहिलंस?” ते पलंगाशी येऊन म्हणाले. “तुझा अंगठा चांगला आहे. तू दाबत होतीस. टीव्हीला ऐकू येत नव्हतं, म्हणून मला... चूक माझीच. आता दाब हं.”

त्यांनी रिमोट तिच्या तळव्यात ठेवला आणि अंगठा बटणावर नीट बसवला. तिने डोळे मिटून घेतले होते.

मेहुणी गेल्यावर ते शेडमध्ये जाऊन बसले. रंधा हाती घेतला नाही. लाकडाचा आवाज झाला तर तिचा ऐकू यायचा नाही, म्हणून हात मांडीवर ठेवून ते नुसते बसून राहिले. टीव्ही आपला बोलत होता, ना चढ ना उतार. ऊन दाराच्या उंबऱ्यावरून सरकून लाकडाच्या भुशावर आले, तरी ते जागचे हलले नाहीत.

अखेरीस ते आत गेले. चादर भिजली होती.

रिमोट त्यांनी ठेवला होता तेथेच होता. अंगठाही बसवला होता तसाच, बटणावर. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवून हलकेच दाबले. आवाज तत्काळ वाढला. त्यांनी हात काढला मात्र, तिने आपला अंगठा सावकाश उचलला आणि बटणावरून बाजूला नेऊन ठेवला.

त्यांनी आवाज कमी केला. चादर बदलली, तिचे अंग पुसले, उशी सारखी केली. मग रिमोट पुन्हा हातात घेतला.

त्यांनी आवाज वाढवला, अगदी शेवटपर्यंत. रिमोट तिच्या तळव्यात ठेवला. दाराबाहेर गेले, मागच्या शेडपर्यंत गेले, आणि तेथून झपझप चालत परत आले.

“आलो,” ते दारातून म्हणाले. “काय हवंय गं?”

ती छताकडे पाहत होती. मिस्त्रींनी वाकून आवाज खाली आणला आणि थोडे थांबले. मग तो पुन्हा वाढवून ते बाहेर गेले.