सित्तना सुईणीची पेटी

मी पेटी बोलतेय. पत्र्याची आहे, पण मला हलकी समजू नका. ओमदुरमानच्या बाजारात एका टिनवाल्यानं रॉकेलच्या डब्यांचा पत्रा ठोकून मला घडवलं. माझ्या बरोबरीच्या पत्र्याच्या गाळण्या झाल्या, दिवे झाले. मी मात्र थेट शाळेत गेले.

तेव्हा सुदानावर इंग्रजांचं राज्य होतं आणि ओमदुरमानात सुईणींची शाळा नवीनच निघाली होती. शिकायला यायच्या त्या चारचार लेकरांच्या आया, विधवा, आज्या. अंगभर पांढरा तोब गुंडाळून चटईवर मांडी घालून बसायच्या. एकीलाही अक्षरओळख नव्हती. शिकवणारी मिस डोरोथी म्हणायची, "तुम्हाला वाचायला शिकवत बसले, तर तोवर किती बाळंतिणी जातील?"

म्हणून तिनं नाकाला शाळा शिकवली. माझ्या पोटात सहा बाटल्या, साऱ्या तपकिरी, सख्ख्या बहिणींसारख्या. डोळे मिटायचे, बूच काढायचं, हुंगायचं आणि नाव सांगायचं. नाकाला झोंबलं की स्पिरिट. इस्पितळाच्या फरशीचा वास आला की लायसॉल. आणि ज्याला काहीच वास नाही, ते नवजात बाळाच्या डोळ्यांत घालायचे थेंब.

तिथंच मला सित्तना मिळाली. वद हमदान गावची, काळीसावळी, उंच, जिभेनं तिखट. तिचं नाक म्हणजे काय सांगू! बूच अर्धं निघालं की हिनं नाव घेतलंच. बाकीच्या बायका चिडायच्या. "अगं, आम्हाला हुंगू तरी दे! सगळा वास तूच ओढून घेतेस!" मग सगळ्या हसायच्या, मिसही हसायची. काय दिवस होते ते! दुपारी सगळ्या एकाच परातीभोवती बसून किसरा, म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी, खायच्या, आणि सरावाची कापडी बाहुली दिवसातून दहादा जन्माला यायची.

शिकणं संपलं आणि मी सित्तनाबरोबर निळ्या नाईलकाठी तिच्या गावी आले. तिचा नवरा बाबिकर मला पाहून म्हणाला, "लोक दुसरी बायको आणतात. माझ्या बायकोनं तर मलाच सवत आणली!"

"सवत कमावून आणते," सित्तना म्हणाली. "तू काय आणतोस?"

किती वर्षं आम्ही दोघी फिरलो! गाढवावर, होडीत, कधी गुडघाभर चिखलातून. मला उचलून उचलून तिचा उजवा खांदा खाली झुकला होता. गावातल्या पोरांना वाटायचं, बाळ माझ्यातूनच निघतं. मी काही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मग इंग्रज गेले, झेंडा बदलला, आणि सरकारनं गावोगावी बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले. त्याच सुमारास एके दिवशी सित्तनानं पाहुण्यांसाठी कॉफीचे दाणे भाजायला घेतले. आमच्याकडे दाणे भाजले की गरम तवा प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवतात, वास घेतल्यावर पाहुणा वाहवा करतो. सित्तनानं तवा फिरवला आणि स्वतःच म्हणाली, "वा!" दाणे कोळसा झाले होते. पाहुण्या खोखो हसल्या. सित्तनाही हसली, पण त्या दुपारी घरात कुणी नसताना तिनं माझं झाकण उघडलं. एकेक बूच काढून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बाटल्या होत्या तशा ठेवून ती माझ्यापाशी नुसती बसून राहिली.

तिचं नाक गेलं होतं. आता तिच्या लेखी साऱ्याच बाटल्या डोळ्यांचे थेंब झाल्या होत्या. चुकून भलतीच बाटली उघडली, तर बाळ जन्माचं आंधळं.

माझ्यातल्या बाटल्यांच्या जागा तिला पाठ होत्या, त्यावरून तिनं त्यांना रंगीत दोरे बांधले. पण दर वर्षी ओमदुरमानला जाऊन सुईणीला परीक्षा द्यावी लागे. तिथल्या टेबलावरच्या बाटल्यांना दोरे कोण बांधणार? जी चुकेल तिचा परवाना जायचा, आणि पेटी तिथंच काढून घ्यायचे. माझ्या तर पत्र्याला कापरं भरलं.

सित्तना रडत बसणाऱ्यांतली नव्हती. नवीन बाटल्यांवर छापील चिठ्ठ्या येतात, हे तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून ती कडुनिंबाखालच्या साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली. शिकवायला होती इहसान, सतरा वर्षांची. सित्तनानंच तिला जगात आणलं होतं.

"हाज्जा, आधी आपण तुमचं नाव लिहायला शिकू," इहसान म्हणाली. वयस्क बाईला आमच्याकडे मानानं हाज्जाच म्हणतात.

"माझं नाव मला ठाऊक आहे गं. बाटलीचं नाव शिकव."

"असं मधूनच नाही शिकता येत! आधी अक्षरं."

"पायाळू जन्मलीस ना, तेव्हाच म्हटलं होतं मी, ही पोरगी हट्टी निघणार!"

पण शिकली बिचारी. ज्या बोटांनी किती बाळांची डोकी झेलली, त्या बोटांत खडू काही केल्या ठरेना. बायका टोमणे मारायच्या, "म्हातारपणी हाज्जाला कुणाला पत्र लिहायचंय?" ती म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला." हिवाळा सरेपर्यंत तिला साऱ्या चिठ्ठ्या वाचता येऊ लागल्या. अगदी बोट ठेवून, अडखळत, पण बिनचूक.

परीक्षेच्या दिवशी आम्ही ओमदुरमानला पोचलो. मिस कधीच मायदेशी गेली होती. टेबलामागे होता डॉक्टर ताजुस्सिर, तरुण, हसतमुख. टेबलावर सहा बाटल्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती.

सित्तनानं पहिली बाटली उचलली. नाकाशी नेली. खूप वेळ धरली आणि खाली ठेवली.

"लेकरा, चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"तुमच्यासाठीच काढल्या, हाज्जा. जुन्या सुईणींना वाचता येत नाही, उगाच त्यांना लाजवायचं कशाला?"

"मला येतं वाचता. लाव परत."

मागे बसलेल्या बायका फिसकन हसल्या. डॉक्टर चमकला, पण भला माणूस. कागदाचे तुकडे फाडून त्यानं भराभर नावं लिहिली आणि चिकटवली. सित्तनानं डोळे बारीक केले.

"हे अक्षर आहे की कोंबडी नाचून गेली? नीट लिही. आमची इहसान लिहिते तसं."

आता सगळेच हसले. डॉक्टरनं ओशाळून पुन्हा लिहिलं, ठळक, सुटं सुटं. सित्तनानं बोट ठेवलं. एकेक नाव घेतलं, एकेक औषध कशाचं ते सांगितलं. सहावी बाटली झाली आणि बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा कल्लोळ केला, की माझं झाकण थरथरलं. परवान्यावर शिक्का बसला. मी सुटकेचा श्वास टाकला.

सित्तनानं परवाना घेतला, डोळे भरून पाहिला आणि मला उचलण्याऐवजी टेबलावर पुढं सरकवलं.

"ही ठेवून घे."

"अहो, पास झालात तुम्ही! पेटी तुमचीच आहे!"

"लेकरा, माझं नाक गेलंय. बाटलीवर चिठ्ठी लावता येते. बाळंतिणीवर कुठे लावतात? आत बिघडलं की ताप चढायच्या आधी वास येतो. गेल्या महिन्यात तो वास एका बाळंतिणीच्या सासूला आला, मला नाही. पोर वाचली, नशीब तिचं."

डॉक्टर हळूच म्हणाला, "मग इतका अट्टाहास करून वाचायला का शिकलात?"

"नापास करून तू काढून घेतली असतीस तर मी भांडले असते. आता माझी आहे म्हणून देतेय." ती उठली. "आणि ऐक, गावात तिघींचे दिवस भरत आलेत. चांगल्या नाकाची पोरगी लवकर धाड."

माझ्या झाकणावर तिनं तळवा ठेवला. मग निघून गेली. हात रिकामे होते, तरी उजवा खांदा झुकलेलाच होता.

त्या गावी गेलेल्या नव्या मुलीला सरकारनं कातडी पिशवी दिली. मी शाळेतल्या कपाटावर आहे. शिकणाऱ्या मुली आता चिठ्ठ्या झरझर वाचतात, ऐकून बरं वाटतं. माझ्या तळाला गंज लागलाय, एक बिजागरी निखळलीय. तुमच्यापैकी कुणी वद हमदानला गेलं, तर सित्तनाला माझा सलाम सांगा. तिनं विचारलं, तर म्हणा, पेटी लख्ख आहे, रोज वापरतात. खुशाल खोटं बोला. फक्त तिला इथवर आणू नका. डोळे तिचे अजून धड आहेत.