पोळ्याच्या मानाची मोटार

मित्रांनो, मी एक मोटार आहे. पत्रा जुना, इंजिन नवे. यातले 'मी' कोणाला म्हणायचे ते ठरलेले नाही. पण कोणीतरी बोलायला हवे, म्हणून बोलते.

माझा जन्म परदेशातला. दोन दरवाजे, बसके अंग आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. मी सुसाट धावावे म्हणून हे सगळे केलेले. मुंबईच्या एका हौशी माणसाकडून मी वाळूजजवळच्या आप्पासाहेबांकडे आले. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, मग बैल विकले गेले. उरला फक्त मान. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जायची. आता तो मान मागच्या जोडीच्या नानासाहेबांकडे जाणार, या विचाराने आप्पासाहेबांना अन्न गोड लागेना.

शेवटी ते म्हणाले, "बैल नाय तर नाय. गाडी काढा."

मला धुतले, बॉनेटवर झूल चढवली. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी ओवाळले आणि समोरच्या जाळीतून पुरणपोळ्या आत सारल्या.

"अगं, ती खात नाय!"

"मंग सणाला उपाशी धाडू व्हय?"

वाजंत्रीमागून मी बैलाच्या चालीने निघाले. झुलीखाली वारा नाही, जाळीत पुरण. तोरण समोर दिसत असतानाच इंजिन तापून जाम झाले. लोकांनी मला ढकलत तोरणाखालून नेले. ढकललेला मान धरायचा का, यावर गाव पुष्कळ भांडले. मग ठरले, की पुढच्या पोळ्याला गाडी आपल्या पायांनी आली तरच मान आप्पासाहेबांचा.

शहरात कडूबा मिस्त्रीचे गॅरेज होते. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कडूबा मोर्चात पुढे, आप्पासाहेब नामांतराच्या विरोधात. पण मला उघडायला दुसरा कोणी तयार नव्हता. कडूबाने साखळी लावून माझे इंजिन उचलले. तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. अपघातात मोडलेल्या एका नव्या गाडीचे इंजिन आणून, पट्ट्या कापून, वेल्डिंग करून त्याने माझ्यात बसवले. टर्बो निघाला तो निघालाच.

"कडूबा, मोर्चे पुरे कर. सण तोंडावर आलाय."

"सणाच्या आधी देतो. मोर्चाला जाऊन देतो."

"चाललंय ते चालू द्यावं माणसानं. नाव कशाला बदलायचं?"

"आप्पासाहेब, गाडीचं काळीज बदलून मागताय. विद्यापीठाच्या दारावरचं नाव बदला म्हटलं, की तुमची झोप उडती."

"गाडीचं येगळं."

"व्हय. गाडी मोर्चा काढत नाय."

आप्पासाहेब चहा मागवतो म्हणून बाहेर गेले.

कडूबाने शब्द पाळला. पोळ्याला मी पहिल्या चावीला सुरू झाले. तोरणाशी नानासाहेब आडवे आले. उन्हाळ्यात त्यांचीही जमीन गेली होती, त्यामुळे ते स्कूटरला झूल घालून आले होते.

"आप्पा, इंजन तर दुसऱ्या गाडीचं. मान कुणाचा धरायचा?"

"पाटीवरचा नंबर बघ. तोच हाय."

पाटी बघून नानासाहेब बाजूला झाले. मी तोरणाखालून गेले, न तापता, न थांबता. मान राहिला. आप्पासाहेबांनी अभिमानाने मागे पाहिले. एक ट्रॅक्टर, नानासाहेबांची स्कूटर, कारखान्यातून सुटून आलेल्यांच्या चार लुना. बैल एकही नव्हता. आप्पासाहेबांनी हॉर्न वाजवला. मागच्यांनीही वाजवला.

मित्रांनो, आपल्या वाहनाची निगा राखा. तेल, पाणी वेळेवर बघा. आणि सगळ्यांच्या पुढे जायचेच असेल, तर मागे कोण उरले आहे, ते निघण्याआधी बघून घ्या.