बोलेल तो खरा

बायकोने ओल्या चादरीचा पिळा शिंप्याच्या मांडीवर ठेवला आणि चिमटे शोधायला ती वळली.

"अगं," शिंपी म्हणाला.

ती दचकली. पुढे वाकून तिने त्याच्या खांद्याला बोट लावून पाहिलं.

"अय्या, तुम्ही खरे आहात होय? मला वाटलं, खुर्ची रिकामीच आहे."

"दिसत होतो ना तुला?"

"दिसत होतात हो. पण काल तुम्ही दुकानात होतात, तेव्हाही इथे तुम्हीच बसला होतात."

चादरीच्या पाण्याने विजार भिजली, तरी शिंपी तसाच बसून राहिला.

वर्षभर तिची नजर अधू होत चालली होती, आणि नजरेने सोडलेल्या जागा डोकं आपल्या मनाने भरून काढत होतं. हे वेड नव्हे, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. नसलेली माणसं दिसतात, फक्त ती बोलत नाहीत. बाई खमकी. टोपीवाल्या मुली, टेबलाखालचा घोडा, सगळ्यांना तिने घरात ठेवून घेतलं आणि एकच नियम केला: बोलेल तो खरा, गप्प बसेल तो भास.

आता आली का पंचाईत! शिंप्याचा जन्म गेला होता ओठांत टाचण्या धरून. न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही म्हणतात, पण याचा हातच असा होता की गिऱ्हाईक हटत नसे. गिऱ्हाईक तासभर बोले, हा 'हं'वर भागवी. घरीही तेच. बायकोच्या नियमाने पाहिलं तर आपण चाळीस वर्षं भासच होतो की काय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंड उघडलं, ते मिटेना.

"मोजा घालतोय. डावा. आता उजवा."

"बरं," बायको म्हणे.

तो काजांवर बोलला, अस्तरावर बोलला, समोरच्या भिंतीच्या पोपड्यांवर बोलला. चौथ्या दिवशी घसा बसला, तरी घोगऱ्या आवाजात चालूच.

आठवड्याने एका दुपारी मात्र घरी आणलेल्या कोटाची बाही बसवता बसवता तो कामात बुडून गेला. बायको येऊन समोर बसली. बराच वेळ पाहत राहिली.

"आलास का?"

अहो-जाहोचा संसार. 'तू' तिने त्याला कधी म्हटलं नव्हतं. शिंप्याची सुई थांबली.

"तू बरा आहेस बाबा, गप्प बसतोस. आमचे हे हल्ली फार बोलतात, डोकं उठतं माझं." ती हसली. "त्यांना सांगू नकोस हां. माझ्यासाठीच करतात बिचारे. पूर्वी ते पलीकडच्या खोलीत असले तरी मला कळायचं. आता समोर असून कळत नाही, तेव्हा जीव खालीवर होतो."

शिंप्याने तोंड उघडलं.

"एक कर," ती म्हणाली. "ते माझ्याआधी गेले, तर तू येत जा. बोलायची गरज नाही. नुसता इथे बस. मला चालेल."

शिंप्याने तोंड मिटलं. तिचा हात धरावा असं त्याला इतकं वाटलं की बोटं दुखू लागली. पण या घटकेला आपण खरे निघणं बरं नव्हे, एवढं त्याला समजत होतं.

ती चहा टाकायला उठली. तेव्हा तो चपला हातात घेऊन पाय न वाजवता बाहेर पडला. जिन्यात उभं राहून त्याने डोळे पुसले, चपला घातल्या आणि धाडकन दार लोटून आत आला.

"अगं, काय ऊन आहे बाहेर. कोपऱ्यावर त्या पाणीवाल्याची गाडी बंद पडलीय, आणि सगळा रस्ता..."

"आलात?" ती पाठमोरीच म्हणाली. "आत्ताच एक जण गेला इथून. चपला हातात घेऊन."